मड टर्टल की मस्क टर्टल? आधी पोटाचं कवच बघा

प्रश्न तीन आहेत: मड टर्टल आणि मस्क टर्टल ही एकाच कुळातली कासवं आहेत का, त्यांना वेगळं ओळखायचं कसं, आणि जुन्या पुस्तकांत या कुळाच्या पंचवीसेक प्रजाती दिलेल्या असताना आता आकडा तिसाच्या घरात कसा गेला. तिन्हींची उत्तरं एकमेकांत गुंतलेली आहेत, म्हणून सलग लिहितो.

कूळ एकच आहे, किनोस्टर्निडी. ही सगळी कासवं मूळची उत्तर आणि दक्षिण अमेरिका खंडांतली. कॅनडातल्या ओंटारिओ आणि क्विबेकच्या दक्षिण भागापासून थेट उत्तर अर्जेंटिनापर्यंत ती पसरलेली आहेत आणि सर्वाधिक विविधता मेक्सिकोत आहे. कुळात चार वंश: मड टर्टलचा किनोस्टर्नॉन, मस्क टर्टलचा स्टर्नोथेरस, आणि मेक्सिको-मध्य अमेरिकेतले दोन छोटे वंश, स्टॉरोटायपस आणि क्लॉडियस. पहिले दोन एका उपकुळात, शेवटचे दोन दुसऱ्या. म्हणजे 'मड' आणि 'मस्क' हा भेद कुळाच्या पातळीवरचा नाही, वंशांच्या पातळीवरचा आहे. तोही बोलीभाषेतल्या नावांवरून नीट कळत नाही, कारण स्टॉरोटायपस आणि क्लॉडियस यांनाही इंग्रजीत मस्क टर्टलच म्हणतात, आणि ते स्टर्नोथेरसपेक्षा बरेच दूरचे आहेत.

'मस्क' म्हणजे उग्र वास असला तरी वासावरून फरक करायला जाऊ नका. दुर्गंधी सोडणाऱ्या ग्रंथी मड टर्टललाही असतात आणि मस्क टर्टललाही. चिखलातही दोघं राहतात. ग्रंथींची तोंडं शरीराच्या दोन्ही बाजूंना, पाठीच्या कवचाच्या कडेखाली, त्वचा जिथे कवचाला चिकटते तिथे उघडतात. नुकतंच पकडलेलं कासव हातात उलटं धरलं की तिथे पिवळसर द्रवाचे बारीक थेंब येताना दिसतात. १९७७ मध्ये थॉमस आयझनर आणि जेरॉल्ड माइनवाल्ड यांच्या गटाने स्टर्नोथेरस ओडोरेटसच्या या द्रवाचं विश्लेषण केलं, तेव्हा त्यात फेनिलअल्केनॉइक आम्लं सापडली. अंड्यातून पूर्ण बाहेर न पडलेलं पिल्लूसुद्धा हा वास सोडू शकतं. उलट पाळलेली कासवं माणसाला सरावली की सहसा सोडत नाहीत. त्यामुळे 'वास आला नाही म्हणून हे मड टर्टल' असं कुणी सांगितलं तर त्यावर विश्वास ठेवू नये.

ओळखीसाठी कासव उलटं करून पोटाचं कवच, म्हणजे प्लॅस्ट्रॉन, पाहावं लागतं. पाठीकडून बघून ओळखायची सवय या कुळात फार फसवते. शेवाळ, चिखल, झिजलेले खवले आणि तपकिरी-काळ्या छटा यांत सगळीच सारखी दिसतात. पोटाकडे मात्र चार वंशांची चार तऱ्हेची रचना आहे, आणि ती एकदा समजली की पुढचं निम्मं काम होतं.

बहुतेक कासवांच्या पोटावर १२ खवले असतात. किनोस्टर्नॉन आणि स्टर्नोथेरसमध्ये ते १० किंवा ११ असतात. गळ्याकडचा खवला जोडीने नसतो, एकच असतो, आणि स्टर्नोथेरस कॅरिनेटसमध्ये तर तोही नसतो. स्टॉरोटायपस आणि क्लॉडियसमध्ये संख्या आणखी कमी, सात-आठ. पाठीच्या कवचाच्या कडेने जाणारे खवलेही इतर कासवांत साधारण १२ जोड्या असतात, इथे ११. मानेवरचा एक धरून २३. ही मोजणी वेळखाऊ वाटते, पण अनोळखी कासव या कुळातलं आहे की नाही हे ठरवण्याचा याहून भरवशाचा बाह्य मार्ग मला माहीत नाही.

आता छातीवरच्या खवल्यांच्या जोडीकडे बघा. किनोस्टर्नॉनमध्ये हे खवले त्रिकोणी असतात, मधल्या रेषेकडे निमुळते होत जातात. स्टर्नोथेरसमध्ये ते चौकोनी असतात. मड की मस्क हा निर्णय याच एका खुणेवर बहुतेक वेळा होतो. दुसरी खूण बिजागरीची. किनोस्टर्नॉनच्या पोटावर दोन ठळक बिजागऱ्या असतात, एक पुढे आणि एक मागे. स्टर्नोथेरसमध्ये फक्त पुढची असते आणि तीही अस्पष्ट, फारशी न हलणारी. शिवाय स्टर्नोथेरसचं पोटाचं कवच मुळात लहान असतं, पाय आणि खांदे झाकत नाही, आणि नरांत खवल्यांच्या मधल्या सांध्यांतून त्वचा उघडी दिसते.

या दोन बिजागऱ्यांवर जरा थांबतो, कारण माझ्या मते या कुळातली सर्वांत सुंदर रचना हीच आहे. कवच मिटणारी कासवं आणखीही आहेत. उत्तर अमेरिकेतली बॉक्स टर्टल आणि आशियातली क्युओरा वंशातली कासवं पोटाच्या मधोमध असलेल्या एकाच बिजागरीवर पुढचा आणि मागचा असे दोन्ही भाग उचलतात. त्यासाठी त्यांना पाठ आणि पोट जोडणारा हाडाचा सेतू सोडून द्यावा लागला, तिथे आता लवचिक ऊती आहे. किनोस्टर्नॉनने दुसराच मार्ग काढला. त्याचा सेतू हाडाचाच आहे आणि पोटाचा मधला पट्टा पाठीला पक्का जोडलेला आहे. हलतात ते फक्त त्याच्या पुढचा आणि मागचा असे दोन स्वतंत्र भाग. त्यामुळे कासव पुढून बंद आणि मागून उघडं राहू शकतं. मातीत अर्धवट गाडून घेतलेल्या किंवा अंडी घालत असलेल्या मादीला याचा उपयोग होत असणार, असं मला वाटतं. पुढची बिजागरी हाडांच्या ज्या सांध्यावर बसली आहे तिथे इतर कासवांत एंटोप्लॅस्ट्रॉन नावाचं मधलं हाड असतं. किनोस्टर्नॉन आणि स्टर्नोथेरस या दोघांतही ते हाड नाहीसं झालं आहे. स्टॉरोटायपस आणि क्लॉडियसमध्ये ते शाबूत आहे. दोन उपकुळांमधला हा सगळ्यात पक्का शारीरिक फरक.

किनोस्टर्नॉनच्या सगळ्याच प्रजाती पूर्ण मिटतात असं नाही. किनोस्टर्नॉन ल्यूकोस्टोमम आणि स्कॉर्पिऑइडिस गटातल्या बऱ्याच प्रजाती इतक्या घट्ट बंद होतात की पायाचं नखही दिसत नाही. हिर्टिपीस किंवा सोनोरिएन्से यांचं पोटाचं कवच अपुरं पडतं. जमिनीवर जास्त वावरणाऱ्या किंवा पाणी आटल्यावर मातीत जाणाऱ्या प्रजाती सहसा चांगल्या मिटतात, कायम पाण्यात राहणाऱ्यांचं कवच आखूड होत जातं, असा साधारण कल दिसतो. स्टर्नोथेरस याच कलाचं टोक आहे. पाण्याच्या तळाशी चालताना मोकळे पाय आणि लांब मान जास्त कामाची.

स्टॉरोटायपस आणि क्लॉडियसचं पोट पाहिलं तर गोंधळ होण्याची शक्यताच नाही. तिथे प्लॅस्ट्रॉन क्रुसाच्या आकाराचं, अगदी अरुंद असतं. क्लॉडियस अँगुस्टाटस हा तर टोकाचा प्रकार: छोटं पोटाचं कवच पाठीला फक्त लवचिक ऊतीने जोडलेलं, आणि वरच्या जबड्याला दोन्ही बाजूंना सुळ्यासारखी टोकं. कवचाने जे संरक्षण मिळत नाही ते तो चावून मिळवतो. कवच साधारण १६ सेंटीमीटरपर्यंत, पण तोंड उघडून समोर उभा राहिला की आकार विसरायला होतं. व्हेराक्रूझ आणि तबास्कोच्या पाणथळ कुरणांत त्याला चोपोंतील म्हणतात. त्याचा मोठा भाऊबंद स्टॉरोटायपस ट्रायपोर्केटस, स्थानिक नाव ग्वाओ, पाठीच्या कवचावर तीन उंच लांबट उंचवटे असलेला, ४० सेंटीमीटरच्या आसपास वाढणारा. कुळातला सर्वांत मोठा हाच. दोघांचंही मांस तिथे पूर्वापार खाल्लं जातं आणि त्याचा दोघांवर ताण आहे.

या दोन उपकुळांतली दरी पोटाच्या कवचापुरती नाही. किनोस्टर्नॉन आणि स्टर्नोथेरसमध्ये पिल्लू नर होणार की मादी हे अंड्याच्या उबवणीच्या तापमानावर ठरतं. त्यातही त्यांची तऱ्हा समुद्री कासवांसारखी साधी नाही, की गार तर नर आणि उष्ण तर मादी. अभ्यासलेल्या बहुतेक प्रजातींत मधल्या तापमानाला नर होतात आणि दोन्ही टोकांना माद्या. स्टॉरोटायपसमध्ये मात्र लिंग गुणसूत्रं ठरवतात, एक्स आणि वाय, नर एक्सवाय. कासवांत हे दुर्मिळ आहे. २०१४ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं की स्टॉरोटायपसची ही एक्स-वाय जोडी पक्ष्यांच्या झेड गुणसूत्राशी मूळची एकच आहे. पक्ष्यांत त्या गुणसूत्रावरून मादी वेगळी ठरते, इथे नर. मूळ गुणसूत्र तेच, पण दोन वंशशाखांनी ते स्वतंत्रपणे आणि उलट पद्धतीने वापरलं. किनोस्टर्नॉन-स्टर्नोथेरसच्या पेशीत ५६ गुणसूत्रं असतात, स्टॉरोटायपसमध्ये ५४. या फरकांवर बोट ठेवून १९८० च्या दशकात काहींनी स्टॉरोटायपस-क्लॉडियस यांना स्वतंत्र कूळ करावं असं सुचवलं होतं. ते टिकलं नाही. डीएनएच्या आधारे हे चारही वंश एकमेकांचे सर्वांत जवळचे नातेवाईक ठरतात, आणि सख्खं नातं एवढं स्पष्ट असताना कूळ फोडून काही साधत नाही. दोन उपकुळं पुरेशी आहेत.

कुळाबाहेरचा सर्वांत जवळचा जिवंत नातेवाईक म्हणजे डर्माटेमिस मावी, मेक्सिको, बेलीझ आणि ग्वाटेमालातलं शाकाहारी नदी-कासव. ते ६० सेंटीमीटरच्या वर वाढतं, आणि तळहातावर मावणाऱ्या मस्क टर्टलशेजारी ठेवलं तर नातं पटणार नाही. त्याच्या पलीकडे स्नॅपिंग टर्टलचं कूळ येतं. किनोस्टर्निडीचे सर्वांत जुने जीवाश्म उत्तर अमेरिकेतच मिळतात. मेक्सिकोच्या कोआविला राज्यातून २०१६ मध्ये वर्णन केलेलं येल्मोकेलिस क्रिटेशस काळाच्या उत्तरार्धातलं आहे. म्हणजे डायनासोर असतानाच ही शाखा वेगळी झालेली होती.

या कुळात सगळ्यात जास्त अभ्यास झालेल्या प्रजातींपैकी एक स्टर्नोथेरस ओडोरेटस. कवच क्वचितच १३ सेंटीमीटरच्या वर जातं, डोक्याच्या दोन्ही बाजूंना दोन फिक्या रेघा, हनुवटीवर आणि गळ्यावर मांसल मिशा. हे कासव फारसं पोहत नाही, तळावर चालतं. मान लांब करून दगडाखाली, मुळांत, शेवाळात नाक खुपसत जातं आणि गोगलगायी, किडे, खेकडे, मेलेले मासे, वनस्पती जे मिळेल ते खातं. रात्री ते अधिक हलतं. पण ते कधी उन्हात येत नाही हा समज चुकीचा आहे. पाण्यावर झुकलेल्या खोडांवर ते माणसाच्या उंचीइतकं चढतं, आणि फांदीवरून खाली सटकताना होडीत पडल्याच्या नोंदीही आहेत. छोटं पोटाचं कवच आणि मोकळे पाय यांचा उपयोग इथेही दिसतो.

त्याची जीभ लहान आणि कमकुवत असते, अन्न मागे ढकलायला जवळजवळ निरुपयोगी. ऑस्ट्रियातल्या संशोधकांनी २०१० मध्ये तिचा बारकाईने अभ्यास केला. पिल्लं किनाऱ्यावर येऊन भक्ष्य पकडत, पण गिळता येत नसल्याने ते ओढत पाण्यात नेत आणि तिथेच खात. पाण्याच्या ओघाने अन्न आत खेचणं हेच त्यांचं गिळणं. मग जीभ कशाला? तिच्यावर आणि घशाच्या आतल्या बाजूला पानांसारख्या चपट्या, रक्तवाहिन्यांनी भरलेल्या उंचवट्यांचं दाट आच्छादन असतं. पाणी आत-बाहेर करत कासव त्यातून प्राणवायू शोषतं. त्वचेतूनही थोडा मिळतो. म्हणूनच गार, प्राणवायूने भरलेल्या पाण्यात ते हिवाळ्याचे महिनेच्या महिने वर न येता काढू शकतं. पण पाण्यातला प्राणवायू संपला की त्याची अडचण होते. त्याच तळ्यातलं पेंटेड टर्टल प्राणवायूविना फार काळ टिकतं, मस्क टर्टल टिकत नाही. बर्फाखाली प्राणवायू संपणारी उथळ, गाळाने भरलेली तळी उत्तरेकडच्या मस्क टर्टलला म्हणूनच धोक्याची.

मड टर्टलचा कल दुसरीकडे. किनोस्टर्नॉन सबरुब्रम हिवाळ्यात पाणी सोडून जमिनीत शिरतं. ते खाऱ्या-मचूळ पाणथळीतही चालतं. किनोस्टर्नॉन फ्लेव्हेसन्स, अमेरिकेच्या मध्यातल्या कोरड्या गवताळ प्रदेशातलं, वर्षातला मोठा काळ वाळूत पुरलेलं असतं. त्याच्याबद्दल आपल्याला जे माहीत आहे त्यातलं बरंचसं कासवांचे अभ्यासक जॉन आयव्हर्सन यांनी १९८१ पासून नेब्रास्कातल्या क्रेसेंट लेक अभयारण्यात केलेल्या कामातून आलं. तिथली मादी अंडी घालण्यासाठी वाळूत स्वतःला पूर्ण पुरून घेते आणि काही माद्या अंडी घातल्यावरही त्यांच्याजवळ दिवसेंदिवस, कधी आठवडेच्या आठवडे थांबतात. कासवांत पालकत्व जवळपास नसतंच, त्यामुळे ही नोंद फार मोलाची आहे. शरदात अंड्यातून बाहेर आलेली पिल्लं वर येत नाहीत. उलट आणखी खाली खणत जातात, जमीन गोठते त्या पातळीच्या खाली हिवाळा काढतात आणि वसंतात पहिल्यांदा पृष्ठभागावर येतात. नेब्रास्कातल्या हिवाळ्यात दुसरा मार्गच नाही.

अंडी या कुळात सगळ्यांचीच लांबट आणि कडक, ठिसूळ कवचाची. ओडोरेटसची मादी कधी खड्डा खणते, कधी कुजक्या ओंडक्याखाली किंवा मस्करॅट या पाण्याकाठच्या उंदरासारख्या प्राण्याच्या घरट्यात नुसती ठेवून देते. एकाच जागी अनेक माद्यांची अंडी मिळतात. एका वेळच्या घोसात अंडी थोडी, दोन ते पाच हे नेहमीचं. ही कमतरता आयुष्याच्या लांबीने भरून निघते. फिलाडेल्फियाच्या प्राणिसंग्रहालयात एक ओडोरेटस ५० वर्षांहून जास्त जगलं. उष्ण भागातल्या काही किनोस्टर्नॉनमध्ये अंड्यातली वाढ काही काळ थांबते आणि अनुकूल काळ आल्यावर पुन्हा सुरू होते. एकाच घोसातली पिल्लं मग वेगवेगळ्या वेळी बाहेर येऊ शकतात.

नर-मादी ओळखणं सोपं. नराची शेपूट लांब, जाड, आणि टोकाला शिंगासारखा काटा. बऱ्याच प्रजातींत नराच्या मागच्या पायावर, मांडीच्या आणि पोटरीच्या आतल्या बाजूला, खरखरीत खवल्यांचे दोन पट्टे असतात. गुडघा दुमडला की ते एकमेकांवर येतात आणि मीलनाच्या वेळी मादीच्या कवचाची कड पकडायला उपयोगी पडतात. हाताळताना एक काळजी घ्या: कवच मागच्या कडेने धरा. मान अनपेक्षितपणे मागे पोहोचते, आणि स्टर्नोथेरस मायनरसारख्या गोगलगायी फोडणाऱ्या मोठ्या डोक्याच्या प्रजातीचा चावा खरोखर दुखतो. मायनरची काही कासवं आयुष्यभर गोगलगायी आणि शिंपले फोडून जबड्याचे स्नायू एवढे वाढवतात की डोकं कवचाच्या मानाने विचित्र मोठं दिसतं. जुन्या संग्रहालयीन नमुन्यांत डोक्याच्या आकारावरून प्रजाती ठरवताना हे लक्षात घ्यावंच लागतं.

आता आकड्यांचा प्रश्न. प्रजाती वाढल्या त्याला दोन कारणं: खरोखर नवी कासवं सापडली, आणि आधी उपप्रजाती मानलेल्यांना स्वतंत्र दर्जा मिळाला. पहिल्या प्रकारातलं ठळक उदाहरण किनोस्टर्नॉन व्होग्टी, २०१८ मध्ये वर्णन केलेलं. मेक्सिकोच्या पॅसिफिक किनाऱ्यावरच्या पुएर्तो व्हायार्ता शहराच्या आसपासच्या छोट्या ओढ्यांत ते राहतं, कवच जेमतेम १० सेंटीमीटर, नराच्या नाकावर पिवळी ढाल. एवढ्या गजबजलेल्या पर्यटन शहराजवळचं कासव तोवर निनावी राहिलं होतं. किनोस्टर्नॉन कोरा २०२० मध्ये त्याच किनाऱ्याच्या थोड्या उत्तरेकडून आलं. दुसऱ्या प्रकारात स्टर्नोथेरस: २०१८ मध्ये पेल्टिफरला मायनरपासून वेगळं करून प्रजाती मानलं गेलं आणि त्याच कामातून स्टर्नोथेरस इंटरमीडियस ही नवी प्रजातीही पुढे आली. त्यामुळे या वंशात आता सहा प्रजाती आहेत. मेक्सिकोपासून अर्जेंटिनापर्यंत पसरलेल्या स्कॉर्पिऑइडिसचेही अलीकडे तुकडे झाले आहेत, आणि तिथे मला वाटतं काम अजून संपलेलं नाही.

बाह्य खुणा इथे किती दगा देतात ते किनोस्टर्नॉन बाउरीवरून दिसतं. फ्लोरिडात त्याच्या पाठीवर तीन फिके पट्टे असतात आणि ते सहज ओळखू येतं. उत्तरेकडे जाल तसे पट्टे पुसट होत जातात. त्यामुळे कॅरोलायना आणि व्हर्जिनियातल्या बाउरीला लोक कितीतरी वर्षं सबरुब्रम म्हणत राहिले. १९९० मध्ये ट्रिप लॅम आणि जेफ लोविच यांनी मोजमापांच्या आधारे ती बाउरीच असल्याचं दाखवलं आणि नकाशा एकदम शेकडो किलोमीटर उत्तरेकडे सरकला.

वंशांच्या पातळीवर वाद जास्त तापला. १९८० च्या दशकात काही अभ्यासकांनी स्टर्नोथेरस हा वंश मोडून सगळ्यांना किनोस्टर्नॉनमध्ये टाकलं. म्हणून त्या काळातल्या पुस्तकांत 'किनोस्टर्नॉन ओडोरेटम' असं नाव भेटतं, ती छपाईची चूक नाही. मग २०१३ मध्ये आयव्हर्सन आणि सहकाऱ्यांनी डीएनएच्या आधारे नेमकं उलट सुचवलं: किनोस्टर्नॉनमधली मुख्यतः मध्य अमेरिकेतली शाखा, म्हणजे ल्यूकोस्टोमम, ॲक्यूटम, क्रीसेरी वगैरे, वेगळी काढून तिला क्रिप्टोकेलिस असं नवं वंशनाव द्यावं, कारण त्यांच्या विश्लेषणात स्टर्नोथेरस किनोस्टर्नॉनच्या आत बसत होता. पुढच्याच वर्षी फिल स्पिंक्स आणि सहकाऱ्यांनी पेशीच्या केंद्रकातले अनेक जनुक वापरून तपासलं तर किनोस्टर्नॉन एकसंध निघाला आणि स्टर्नोथेरसही. आधीच्या विश्लेषणात मायटोकॉन्ड्रियाचा, म्हणजे केंद्रकाबाहेरचा, डीएनएही होता. तो फक्त आईकडून येतो आणि जुन्या संकराने किंवा योगायोगाने तो प्रजातींच्या खऱ्या इतिहासापेक्षा वेगळी गोष्ट सांगू शकतो. केंद्रकातले अनेक स्वतंत्र जनुक एकच गोष्ट सांगत असतील तर तिला जास्त वजन द्यावं, हे माझं ठाम मत आहे. म्हणून मी क्रिप्टोकेलिस वापरत नाही. बहुतेक याद्याही आता वापरत नाहीत.

जीवाश्मामुळे होणाऱ्या नावांच्या उलथापालथीचा नमुना ॲरिझोनातून आहे. चार्ल्स गिलमोर यांनी १९२२ मध्ये तिथल्या एका जीवाश्माला किनोस्टर्नॉन ॲरिझोनेन्से नाव दिलं. १९३८ मध्ये नॉर्मन हार्टवेग यांनी त्याच भागातल्या जिवंत कासवाला स्टेज्नेगेरी म्हटलं. नंतर दोन्ही एकच ठरवून जुनं नाव जिवंत कासवाला दिलं गेलं, आणि अलीकडे पुन्हा वेगळं करून स्टेज्नेगेरी परत आलं. जिवंत कासवासाठी दोन्ही नावं वाचनात आली तर कासव तेच आहे.

नाव बदललं की संरक्षणही बदलतं. अलाबामातल्या ब्लॅक वॉरियर नदीच्या वरच्या भागापुरतं मर्यादित असलेलं चपट्या कवचाचं स्टर्नोथेरस डिप्रेसस १९५५ मध्ये वर्णन झालं, पण काहींनी त्याला मायनरची उपप्रजाती मानलं होतं. धरणं आणि कोळशाच्या खाणींतून येणारा गाळ यांनी दगडांमधल्या ज्या फटींत ते राहतं त्या बुजत गेल्या. १९८७ मध्ये अमेरिकेच्या कायद्याखाली त्याला संरक्षण मिळालं. कोआविलातल्या किनोस्टर्नॉन हिर्टिपीसच्या मेगासेफॅलम या उपप्रजातीच्या वाट्याला तेही आलं नाही. १९८१ मध्ये तिचं वर्णन झालं तेव्हा तिथलं पाणी आटत चाललं होतं, आणि आता ती नामशेष मानली जाते. पाळीव प्राण्यांच्या व्यापाराबाबत थोडी बरी बातमी आहे: २०२२ मध्ये पनामात झालेल्या सायटीस, म्हणजे वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या, परिषदेत किनोस्टर्नॉन, स्टर्नोथेरस, स्टॉरोटायपस आणि क्लॉडियस हे सगळेच यादीत आले. व्होग्टी आणि कोरा पहिल्या परिशिष्टात, म्हणजे व्यापारी आंतरराष्ट्रीय विक्री बंद. बाकी दुसऱ्या परिशिष्टात. व्होग्टीला स्वतंत्र प्रजाती म्हणून नाव मिळून चार वर्षंच झाली होती. ते अजून दुसऱ्या एखाद्या प्रजातीच्या नावाखाली झाकलेलं असतं तर पहिल्या परिशिष्टात आलं नसतं.

एखाद्या कासवाची ओळख विचारायची असेल तर पाठीचा एकच फोटो पाठवू नका. पोटाचा सरळ वरून, छातीचे खवले आणि बिजागऱ्या स्पष्ट दिसतील असा. बाजूचा, ज्यात कडेचे शेवटचे खवले मोजता येतील, कारण मोठ्या फ्लेव्हेसन्समध्ये नववा खवला आठव्यापेक्षा ठळकपणे उंच असतो आणि इतर बऱ्याच किनोस्टर्नॉनमध्ये फक्त दहावा. हनुवटीचा, मिशा आणि डोक्यावरच्या रेघा दिसतील असा. शक्य असेल तर शेपटीचाही. कवचाची लांबी वक्र न मोजता कॅलिपरने सरळ मोजा. आणि कासव कुठल्या नदीत, ओढ्यात किंवा तळ्यात मिळालं ते लिहा. पश्चिम मेक्सिकोतल्या किंवा अलाबामातल्या कासवाबाबत अनेकदा त्या एका नावानेच निर्णय होतो. पाळलेल्या, मूळ ठिकाण माहीत नसलेल्या कासवाचा प्रजातीपर्यंत निर्णय फोटोवरून मी देत नाही, वंशापर्यंतच देतो.